पाणी कुठवर आलं होतं

हिंदुरावकाका विचारतात, जपानात काय काय बघितलंसा?
आण्णा सुपारी कातरत राहतात.
शुक्रवार पेठेतल्या आमच्या सोप्यात बॅगा तशाच उभ्या,
हँडलला विमानतळाच्या चिठ्ठ्या. तेजू त्या फाडू देत नाही.

'क्योतोचं सांगा की,' आई आतून.
तिथल्या किल्ल्यात चपला दारातच काढायच्या.
आण्णांनी कापशी जोड एकमेकीत अडकवून ठेवला,
अंबाबाईच्या दारात ठेवतात तसा,
आत पहिलं पाऊल टाकलं तर फळी बोलली.
मग दुसरी. मग तिसरी.
'चपला भाईर काढल्या तरी करकर आत आली बघ,'
आण्णा म्हणाले, एवढ्या मोठ्यानं
की पुढची सगळी रांग वळून बघायला लागली
आणि जमीन आणखीच किलबिलली.

नाराला हरणं मान लववून बिस्किट मागतात.
आईनं पदर सावरला, वाकून उलट नमस्कार केला.
पुन्हा हरीण वाकलं, पुन्हा आई.
आधी कोण थांबणार ते दोघांनाही कळेना.
परवा गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला गेलो
तेव्हा तिनं म्हशीलाही मान लववली.
म्हैस कोल्हापूरची. ती कशाला वाकते.

कामाकुराची गोष्ट मात्र आण्णा सांगत नाहीत.

ती मी सांगते.
उघड्यावर बसलेला एवढा मोठा बुद्ध, कांस्याचा, हिरवट.
चिल्लर मोजून दिली की त्याच्या पोटात जाता येतं.
सगळे वर बघत होते. आण्णा भिंत चाचपत होते,
पस्तीस वर्षं उद्यमनगरात ओतकाम केलेला हात
एका सांध्यावरून दुसऱ्या सांध्यावर.
'थरावर थर ओतलाय. खालचा निवला, मग वरचा.
हितं बघ, कुलूप घातल्यागत धरलंय एकमेकाला.'
आणि कुणा कारागिराला शाबासकी द्यावी तशी
आतून बुद्धाच्या पाठीवर थाप.

बाहेर फलक होता. तेजूनं फोन धरून वाचला:
याच्यावर देऊळ होतं म्हणे. फार पूर्वी समुद्र आला,
देऊळ गेलं, हा बसून राहिला.
आण्णांनी विचारलं, 'पाणी कुठवर आलं होतं?'
ते लिहिलेलं नव्हतं.

हा प्रश्न आमच्या पेठेतला.
एकोणीसच्या पुरानंतर लग्नात, मयतीत, भाजीच्या गाड्यापाशी
माणसं आधी हेच विचारायची
आणि समोरचा छातीवर, गळ्यावर, नाहीतर
डोक्याच्याही वर हात नेऊन दाखवायचा.
आण्णांनी कधी हात उचलला नाही.
पंचगंगा सहा दिवस सोप्यात राहिली.
लाकडी पॅटर्न तरंगत कुठं गेले कळलं नाही,
मागच्या शेडातलं जुनं जपानी लेथ किलोनं भंगारात गेलं.
त्याची पितळी पाटी तेवढी त्यांनी स्क्रू काढून ठेवली,
दर खंडेनवमीला हळदकुंकू लागलेली,
कुणालाच वाचता न आलेली.

ती खिशात घालूनच ते जपानला आलेत, हे आम्हाला
समुद्राकडं जाणाऱ्या छोट्या गाडीत कळलं,
त्यांनी ती शेजारच्या म्हाताऱ्याच्या हातात ठेवली तेव्हा.
त्यानं चष्मा कपाळावर चढवला,
कुंकवाचा डाग अंगठ्यानं पुसायला गेला, थांबला,
आण्णांकडं बघितलं, मग पुसला.
तेजूच्या फोनमध्ये काहीतरी बोलला.
फोन मराठीत म्हणाला: रोज सकाळी तेल घाला.

आण्णा हसले नाहीत. म्हणाले, 'घालत हुतो की.'
खिडकीत एकदम समुद्र आला.

काका अजून वाट बघतायत.
आण्णा अडकित्ता खाली ठेवतात, उठतात,
नव्यानं रंगवलेल्या भिंतीपाशी जाऊन उभे राहतात
आणि कुणी काही न विचारता
हात गळ्यापर्यंत नेतात, जरा थांबतात,
मग आणखी चार बोटं वर.